गती आणि सोबत

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, एका रविवारी सकाळची मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत असताना, आमच्या धर्मग्रामातील पाच-सहा तरुण दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या अंगावर सायकल चालविताना घालावयाचे तंग कपडे होते, आणि चेहऱ्यांवर मात्र वाटणीचा तंटा घेऊन आलेल्या भावाभावांचा भाव होता. दोघे एका बाजूला, तिघे दुसऱ्या बाजूला, आणि एक बिचारा मध्येच. "फादर, तुम्हीच काय ते सांगा," असे म्हणून त्यांनी आपली तक्रार मांडली.

ही मंडळी कोण, हे आधी सांगावयास हवे. २०२० च्या टाळेबंदीत लोकल गाड्या सर्वसामान्यांसाठी बंद झाल्या, माणसे घरात कोंडली गेली, आणि निर्बंध सैल होताच वाडीतल्या ओट्यांवर, पडव्यांमध्ये धूळ खात पडलेल्या सायकली बाहेर निघाल्या. कोणी चेनला तेल घातले, कोणी ट्यूब बदलली. आधी दोघे, मग चौघे, मग दहा-बारा जण रविवारच्या पहिल्या मिस्सेनंतर एकत्र निघू लागले. निर्मळ, भुईगाव, अर्नाळ्याचा किनारा, असे करीत करीत त्यांची मजल वज्रेश्वरीपर्यंत गेली. या मंडळाला नोंदणी नाही, घटना नाही, वर्गणी नाही. मंडळाची म्हणून सामाईक मालमत्ता एकच, ती म्हणजे हवा भरण्याचा एक पंप.

तंटा त्या पंपावरूनच झाला होता. आदल्या रविवारी वज्रेश्वरीहून परतताना पुढच्यांनी वेग घेतला. साठीच्या घरातले, नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मागे पडले. पारोळच्या अलीकडे त्यांची सायकल पंक्चर झाली. ट्यूबला ठिगळ लावण्याचे सामान त्यांच्यापाशी होते. पंप होता सर्वांत पुढे असलेल्या तरुणापाशी. पुढची मंडळी शिरसाड फाट्यावर चहा घेऊन वीस मिनिटे थांबली, काका रिक्षाने गेले असतील असा तर्क करून निघाली, आणि काका भर उन्हात सायकल ढकलत फाट्यावर आले तेव्हा तेथे कोणी नव्हते. त्यांनी कोणाला दोष दिला नाही. पुढच्या रविवारी ते आले नाहीत, एवढेच.

तरुणांपैकी एक पक्ष म्हणत होता, "निघालो सोबत तर परतायचेही सोबत. नाहीतर मंडळ कशाला?" दुसरा पक्ष म्हणत होता, "आठवडाभर कामावर राबतो. एक रविवार मिळतो. त्यातही ब्रेक दाबूनच चालवायची का?" आम्हांला दोन्ही बाजू पटल्या. म्हणून आम्ही निवाडा दिला नाही. वेळ मागून घेतला.

वाचकांना वाटेल, पोरांच्या सायकलींचे भांडण ते काय, आणि त्यावर चिंतन ते काय! परंतु थोडा विचार केला तर हा प्रश्न सायकलपुरता राहत नाही. वर्गात हुशार मुलाने मंद मुलासाठी खोळंबावे काय? गायनवृंदात सुरेल गळ्याच्या मुलीने सर्वांच्या पट्टीत गावे काय? चार भावांच्या घरात मिळवत्या भावाने धडपडणाऱ्या भावाच्या चालीने चालावे काय? बलवानाची गती ही त्याची स्वतःची आहे की तिच्यावर दुर्बळाचाही काही हक्क आहे, हाच तो प्रश्न होय.

गंमत अशी की शंभर वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये सायकल सहलींची रीत याच प्रश्नाच्या दोन बाजूंनी दुभंगली होती. तिची हकीकत बोधप्रद आहे.

१८९७ च्या जून महिन्यात काही इटालियन सायकलस्वारांनी रोमहून नेपल्सपर्यंतचे सुमारे २३० किलोमीटरचे अंतर एका दिवसाच्या उजेडात तोडण्याचा बेत केला. त्या काळच्या रस्त्यांवर आणि त्या काळच्या सायकलींवर हे साहसच होते. त्यावरून अशा स्वारांना 'ऑडॅक्स' म्हणू लागले. सेमिनरीत जे थोडेबहुत लॅटिन आमच्या कानांवर पडले त्यातला हा शब्द, अर्थ, धाडसी. ही कल्पना फ्रान्समध्ये आणली 'लोटो' या क्रीडापत्राचे संपादक आंरी देग्रांज यांनी. १९०३ साली 'तूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध शर्यत सुरू करणारे ते हेच. १९०४ साली त्यांच्या प्रेरणेने लांब पल्ल्याच्या सहली सुरू झाल्या आणि त्याच वर्षी 'ऑडॅक्स क्लब पॅरिसियन' हा क्लब स्थापन झाला.

या सहलींचा नियम शर्यतीच्या अगदी उलट होता. सर्वांनी एका जथ्याने, ठरावीक वेगाने, नायकाच्या मागून जावयाचे. नायकाला कोणी ओलांडावयाचे नाही. पण १९२१ साली देग्रांज आणि क्लब यांचे बिनसले. ऑडॅक्स पद्धतीच्या सहली भरविण्याचा अधिकार क्लबकडून गेला. तेव्हा क्लबने स्वतःची निराळी पद्धत काढली: ज्याने त्याने आपल्या गतीने जावे, फक्त ठरलेल्या मुदतीत पोहोचावे. जथ्याची पद्धत दुसऱ्या संघटनेने पुढे चालविली. आजही दोन्ही पद्धती नांदत आहेत. एकीत नायक ताशी सरासरी साडेबावीस किलोमीटरचा वेग राखतो. दुसरीत प्रत्येक जण स्वतःचा नायक असतो. या दुसऱ्या पद्धतीच्या सहली आज मुंबई, पुणे, नाशिक येथेही भरतात, आणि त्यांच्या निकालांवर शिक्कामोर्तब पॅरिसच्या त्या जुन्या क्लबकडून होते.

आमच्या अंगणातला तंटा असा थेट पॅरिसला जाऊन भिडतो. मग दोहोंतील कोणती पद्धत नीतीच्या दृष्टीने श्रेष्ठ?

प्रथमदर्शनी कौल जथ्याला मिळतो. तेथे कोणी एकटा पडत नाही. परंतु जरा खोलात शिरले की एक अडचण दिसते. ताशी साडेबावीस हा वेग ज्याला झेपत नाही, त्याने काय करावे? त्याला जथ्यात जागाच नाही. सोबतीचा नियम जितका कडक, तितका सोबतीचा उंबरठा उंच. मोकळ्या गतीची पद्धत दुर्बळाला वाटेत मागे टाकते खरी. पण जथ्याची पद्धत त्याला निघण्यापूर्वीच दाराबाहेर ठेवते. वाटेत मागे पडलेला निदान सर्वांना दिसतो. दाराबाहेर राहिलेला कोणाला दिसतही नाही. आपल्या कितीतरी संस्था, समित्या आणि मंडळे 'आम्ही सारे एक' असे म्हणतात, तेव्हा त्या एकीचा वेग कोणी ठरविला आणि तो कोणाला झेपला नाही, हे विचारावयास आपण विसरतो.

बरे, मोकळ्या गतीला निव्वळ स्वार्थ म्हणावे, तर क्लबने तिला घातलेली बंधने पाहावीत. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते. सहाशेला चाळीस तासांची. म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास सरासरी राखली तरी पुरते. वाटेत तपासणी-नाकी असतात. ती ठरल्या वेळी बंद होतात, तशीच ठरल्या वेळेपूर्वी उघडतही नाहीत. वाऱ्यासारखा धावणारा नाके उघडण्याआधी पोहोचला तर त्याने तिष्ठावे. शेवटी क्रमांक लावला जात नाही. पहिला कोण, शेवटचा कोण, हे जाहीर होत नाही. आठ तासांत येणारा आणि तेरा तासांनी येणारा, दोघांचे यश एकच.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हलका नाही. पाच तास आधी येणाऱ्यावर हा अन्याय नव्हे काय? द्राक्षमळ्यातील सकाळपासून राबलेल्या मजुरांनी धन्याजवळ हीच कुरकुर केली होती. न्यायाने वाटणी करावयाची तर आधी ती कोणत्या गुणाला अनुसरून करावयाची हे ठरवावे लागते, असे अॅरिस्टॉटलने शिकविले. बासऱ्या वाटावयाच्या तर चांगली बासरी चांगल्या वादकाला द्यावी. थोर कुळात जन्मलेल्याला नव्हे. मग या सहलीत मोजला जाणारा गुण कोणता? तो गुण वेगाचा असता तर आक्षेप खरा ठरता. पण येथे मोजला जातो तो शब्द राखण्याचा गुण: 'अमुक वेळात, स्वतःच्या बळावर, ही वाट पुरी करीन' हा शब्द. शब्द राखला की राखला; तो पाच तास आधी राखल्याने अधिक राखला जात नाही.

पण मग जो एका मिनिटाने चुकतो त्याचे काय? त्याला काहीच मिळत नाही. १८९१ साली सुरू झालेल्या पॅरिस ते ब्रेस्त आणि परत, या सुमारे बाराशे किलोमीटरच्या वाटेवर आता चार वर्षांतून एकदा ही सहल भरते. जास्तीत जास्त मुदत नव्वद तासांची. २०१९ साली आपल्या देशातून शेकडो जण तेथे गेले होते, आणि त्यांतील मोठ्या संख्येला दिलेल्या मुदतीत पोहोचता आले नाही. वर्षभराची तयारी, प्रवासखर्च, रजा, सारे करून हाती काही नाही. नियम कठोर आहे खरा. पण मुदत नसेल तर शब्दाला अर्थ उरत नाही, हेही तितकेच खरे.

या कठोर नियमावलीत एक कलम आहे, आणि आमच्या चिंतनाला खरे वळण दिले ते त्याने. दोन नाक्यांच्या मध्ये सोबतीला मोटार आणावयाची नाही, घरच्यांची मदत घ्यावयाची नाही. जो तो स्वयंपूर्ण. थकवा आला, भूक लागली, सायकल नादुरुस्त झाली, यांपैकी कोणतीही सबब चालत नाही. मात्र एखादा स्वार वाटेत अपघात पाहून मदतीला थांबला आणि त्यामुळे मधल्या नाक्यावर उशिरा पोहोचला, तर आयोजक त्याचा तो उशीर माफ करू शकतात आणि त्याला पुढे जाऊ देतात. स्वतःच्या उणिवेमुळे झालेला उशीर आणि दुसऱ्याच्या गरजेमुळे झालेला उशीर, हे दोन्ही घड्याळात सारखेच दिसतात. नीतीच्या हिशेबात ते सारखे नाहीत, हे त्या कलमाने ओळखले आहे.

सर्वच नियमांना हे ओळखता येते असे नाही. १९१३ च्या 'तूर द फ्रान्स' शर्यतीत यूजेन ख्रिस्तोफ या स्वाराच्या सायकलचा पुढचा फोर्क पिरेनीज पर्वताच्या उतारावर मोडला. सायकल खांद्यावर मारून तो दहा किलोमीटरहून अधिक चालत सेंत-मारी-द-कांपां या गावी लोहाराच्या भट्टीपाशी आला. दुसऱ्याची मदत घ्यावयाची नाही असा त्या शर्यतीचा नियम. म्हणून त्याने स्वतः लोखंड तापविले, स्वतः घण चालविला. दोन हात कामात गुंतलेले, तेव्हा एका पोराने तेवढा भाता हलविला. पंचांनी ते पाहिले आणि परक्याची मदत घेतली म्हणून ख्रिस्तोफला दंड केला. भात्याची हवा काय आणि पंपाची हवा काय! एका नियमाने ती दिली म्हणून दंड केला. आमच्या मंडळाला नियमच नव्हता, म्हणून ती देण्याचे कोणाच्या लक्षात राहिले नाही.

येथे आम्हांला आमचीच एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती लपवून इतरांना नीती शिकविणे बरे नव्हे.

आम्ही नव्याने दीक्षित झालो होतो. धर्मग्रामापासून चार किलोमीटरवर एक लहान कपेल होते. तेथे रविवारी सकाळी सातची मिस्सा अर्पण करावयास आम्ही सायकलने जात असू. वेळेच्या बाबतीत आमची ख्याती होती. फादरांची घंटी ऐकून लोक घड्याळ लावतात, असे कोणी म्हटले की आम्ही वरवर हसत असू आणि आत सुखावत असू. एका रविवारी वाटेत एक म्हातारा बाजाराला निघालेला दिसला. त्याची सायकल आडवी झाली होती, मागच्या कॅरिअरवरचे केळीचे घड रस्त्यावर सरकले होते, आणि तो एका हाताने सायकल व दुसऱ्या हाताने घड सावरू पाहत होता. दोन माणसांचे काम एकट्याने होत नव्हते. त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही घंटी वाजविली, त्याला वळसा घातला आणि पुढे गेलो. कपेलमध्ये पोहोचलो तेव्हा सात वाजावयास तीन मिनिटे होती.

आम्ही मनाशी म्हणालो, मिस्सेला माणसे ताटकळत आहेत. शंभरांचा खोळंबा करून एकाला मदत करणे योग्य नव्हे. युक्तिवाद वरून बिनतोड होता. सेमिनरीत कर्तव्यांच्या संघर्षाचे धडे आम्ही गिरविलेच होते. पण पुढे कित्येक वर्षे तो म्हातारा मनातून जाईना, तेव्हा तो युक्तिवाद आम्ही पुन्हा तपासला. पाच मिनिटे उशीर झाला असता तर कोणाचे काय बिघडले असते? बाया-माणसांनी आणखी एक गाणे म्हटले असते. संघर्ष दोन कर्तव्यांमध्ये नव्हताच. एका बाजूला म्हाताऱ्याचे केळीचे घड होते, आणि दुसऱ्या बाजूला आमची वेळेची ख्याती होती. तिला आम्ही मिस्सेचे वस्त्र नेसविले होते. यरीहोच्या वाटेवर जखमी माणसाला पाहून बाजूने निघून गेलेला पहिला माणूस याजक होता, हे आम्ही प्रवचनात अनेकदा सांगितले आहे. त्यालाही बहुधा वेळेवर पोहोचावयाचे असावे.

तेव्हा आम्हांला जे उमगले ते असे. गती हा दोष नाही. ज्याला बळ आहे त्याने पळावे. त्याला रोखून धरल्याने मागचा पुढे येत नाही. दोष तेथे शिरतो, जेथे आपली गती हेच आपले कर्तव्य असे आपण स्वतःला समजावतो. आणि मदतीची किंमत नियमाने फार तर हलकी करावी. ती पूर्ण उचलू नये. पॅरिसच्या क्लबचे ते कलम मधल्या नाक्यावरचा उशीर माफ करते; पण शेवटी मुदत गाठावी लागतेच. थांबलेल्याला पुढे थोडे अधिक दमावे लागते. आम्हांला हे योग्य वाटते. चांगुलपणाला नियमाने शिक्षा करू नये, हे खरे. पण ज्याला काहीच मोजावे लागले नाही, त्याने नेमके काय दिले, हाही प्रश्न उरतो.

इतका विचार करून आम्ही तरुणांना बोलावण्यापूर्वी एका संध्याकाळी काकांच्या घरी गेलो. ते विहिरीपाशी फुलझाडांना पाणी घालीत होते. आम्ही विषय काढताच ते म्हणाले, "फादर, पोरांना रागावू नका. माझ्यासाठी कोणी थांबावे असे मला वाटत नाही. सगळे रस्त्यात उभे राहून माझी वाट पाहतात, मी पोहोचलो की लगेच पुन्हा निघतात. त्यांची विश्रांती झालेली असते, माझी व्हायचीच असते. आणि वर, माझ्यामुळे उशीर झाला हे त्यांच्या तोंडावर दिसते. त्यापेक्षा एकटा बरा."

आमच्या साऱ्या चिंतनात ही बाजू आली नव्हती. दुर्बळासाठी थांबावे की नाही, याचा खल आपण बलवानांनीच करावयाचा आणि दुर्बळाला त्याबद्दल विचारावयाचेही नाही, हीदेखील एक प्रकारे पुढे निघून जाण्याचीच रीत झाली. ज्याच्यासाठी थांबले जाते, त्याला ते थांबणे भिक्षेसारखे टोचू शकते. मग थांबावे कसे?

उत्तर पुन्हा त्या तपासणी-नाक्यांत सापडले. नाक्यावर सर्वच थांबतात: वेगवान, मंद, तरणे, म्हातारे. तेथे शिक्का घेणे, पाणी भरणे, चार घास खाणे हे प्रत्येकाचेच काम असते; कोणामुळे कोणाचा खोळंबा होत नाही. जेथे थांबणे सर्वांचेच असते, तेथे कोणीही थांबण्याचे कारण ठरत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तरुणांना चार गोष्टी सुचविल्या. ज्याने त्याने आपल्या गतीने जावे. दर दहा-बारा किलोमीटरवर एक ठिकाण आधीच ठरवावे. तेथे शेवटचा येईपर्यंत चहा सांगू नये, आणि तो आल्यावर चहा संपेपर्यंत निघू नये. पाळीपाळीने एका दणकट गड्याने सर्वांच्या मागे राहावे. आणि पंप त्या मागच्या गड्यापाशी असावा. "एवढेच?" असे त्यांपैकी एकाने विचारले. एवढेच. त्याहून मोठे तत्त्व आम्हांला सांगता आले नाही.

काका पुन्हा येऊ लागले आहेत. दर रविवारी नव्हे, पण येतात. मागे राहण्याची पहिली पाळी, कोणी न सांगता, त्या दिवशी पंप घेऊन पुढे गेलेल्या तरुणाने घेतली. परवा त्याने आम्हांला सांगितले, की इतकी वर्षे त्या रस्त्याने जाऊनही पारोळच्या बाजूला एवढी शेते आहेत हे त्याला ठाऊक नव्हते.

आमच्या जुन्या कपेलच्या वाटेवर आम्ही अजूनही कधी कधी जातो. आता मोटारीने जातो. त्या वळणावर गाडीचा वेग आपोआप मंदावतो. तेथे आता कोणीही नसते.